भारीतले स्पार्क प्लग टाकून गाडीचा पिकअप खरंच वाढतो का?

खंबाटकी

मंडळी, गाडी वॅगन आर, २०१३ चं मॉडेल, एक लिटरचं तीन सिलिंडरवालं इंजिन, नुसतं पेट्रोल. सेकंडहँड घेतली तेव्हा पाऊण लाखाच्या आसपास रनिंग होतं. आधीच्या मालकाने प्लग कधी बदलले होते, बदलले होते का, काही कल्पना नाही. हल्ली घाटात तिसऱ्या गिअरला जीव काढते आणि सिग्नलला उभी असताना मधूनच अंग झाडते. एअर फिल्टर नवा आहे.

अ‍ॅक्सेसरीजच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाला, "इरिडियम टाका साहेब, पिकअप पण वाढेल, अ‍ॅव्हरेज पण वाढेल." टोकाला इरिडियम धातू असलेल्या एकेका प्लगला सातशेच्या पुढे सांगतोय. साधा प्लग शे-दीडशेला मिळतो. रील्समध्ये तर प्लग बदलला की गाडी उडायलाच लागते.

कोणी स्वतः टाकून बघितलेत का? खरंच फरक पडतो, की डोक्यात पडतो?

पानाबारा

आधी आहेत ते काढून बघा. न बघता सातशेचा प्लग टाकणं म्हणजे रिपोर्ट न काढता ऑपरेशन. गाडी थंड असताना काढा, गरम इंजिनात पाना घालू नका, हेड (सिलिंडरवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिन्ही ओळीने कागदावर मांडा, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते लिहा आणि मग सांगा कसे दिसतात.

हायवे_४८

मी टाकलेत. इरिडियम, माझ्या जुन्या स्विफ्टला. अ‍ॅव्हरेज दोनने वाढलं, सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये स्टार्ट, ओव्हरटेक करताना गाडी एकदम मोकळी झाल्यासारखी वाटते. लोक फुकट वाद घालतात. पैसे वसूल.

मायकोप्रेमी

वाचतोय. आमच्या काळी इरिडियम-बिरिडियम काही नव्हतं, प्लग म्हणजे मायको. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ सालची, तिचंच पुढे २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. चेतकच्या डिकीत एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा हे तीन असल्याशिवाय कोणी गावाबाहेर पडत नसे. स्कूटर कलती करून किका मारूनही पेटली नाही की प्लग काढायचा, तो तेलाने ओला झालेला असायचा. घासून, पुसून, टोकांमधला गॅप अंदाजाने मारून परत लावला की पहिल्या किकेत स्टार्ट. नवा घातला तर विचारूच नका, गाडी वेगळीच वाटायची.

टेस्टसेल

काकांच्या प्रतिसादातच निम्मं उत्तर आलंय.

चेतकसारख्या टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच जळायचं, त्यामुळे प्लग सतत माखायचा. तिथे प्लग बदलला की फरक पडायचाच, आणि तो दणदणीत असायचा. "प्लग बदलला की गाडी सुधारते" हे आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी स्वतः किका मारून शिकलेलं ज्ञान आहे आणि ते खोटं नव्हतंच. दुकानदार त्याच अनुभवावर आज चार-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसाठी इरिडियम विकतोय.

मी इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी करतो (कंपनीचं नाव विचारू नये), म्हणून जरा लांबण लावतो.

प्लगचं काम एकच, ठरलेल्या क्षणी पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटवायचं. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा. कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, ते मधल्या इलेक्ट्रोडवरून बाजूच्या इलेक्ट्रोडवर उडी मारतात. त्या ठिणगीत ऊर्जा किती? एका ज्यूलचा दहावा भागसुद्धा नाही. तुमच्या वॅगन आरच्या एका सिलिंडरमध्ये फुल थ्रॉटलला एका वेळी जे पेट्रोल जळतं त्यातून निघते हजार ज्यूलच्या घरात. चाकं फिरवते ती पेट्रोलची ऊर्जा. मिश्रण व्यवस्थित पेटलं की ज्योत आपली आपण पुढे पसरते, मग ती लावणारा प्लग दीडशेचा होता की सातशेचा याचं तिला सोयरसुतक नसतं.

मग इरिडियम कशाला काढलं? इरिडियम वितळतं २४४६ अंश सेल्सिअसला, प्लॅटिनम १७६८ ला, निकेल १४५५ ला. ठिणगी दर वेळी धातूचा कणभर खाते. साध्या प्लगचं निकेलचं टोक बारीक केलं तर ते लवकर झिजून जाईल, म्हणून ते अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवावं लागतं. इरिडियमचं टोक ०.४ किंवा ०.६ मिमीइतकं बारीक करूनही टिकतं. टोक बारीक असलं की ठिणगी उडायला कमी व्होल्टेज पुरतं, आणि नुकत्याच धरलेल्या ज्योतीची उष्णता शोषून घ्यायला समोर धातू कमी असतो. थंडीत स्टार्ट करताना, आयडलिंगला, मिश्रण पातळ असताना त्याचा उपयोग होतो. पण जिथे साधा नवा प्लगही दर वेळी बिनचूक पेटवतोय, तिथे इरिडियम याहून जास्त काय पेटवणार?

तेव्हा माझ्या मते प्रश्न "साधा की इरिडियम" असा नाहीच. तो "झिजलेला की नवा" असा आहे. जवळजवळ सगळे लोक लाखभर किमी चाललेला निकेलचा प्लग काढून नवा इरिडियम लावतात आणि श्रेय इरिडियमला देतात. नवा निकेल लावून महिनाभर चालवून मग इरिडियम लावलेला माणूस मला अजून भेटायचाय.

अश्विनी_ठाणे

गॅसचा लायटर भारीतला घेतला म्हणून भात लवकर शिजत नाही, एवढंच ना? :)

टेस्टसेल

@अश्विनी_ठाणे, मी पाच परिच्छेद खर्च केले आणि तुम्ही एका ओळीत उरकलंत. फक्त एक पुरवणी जोडा: लायटर चार वेळा टकटक करूनही पेटत नसेल, तर मात्र तो बदलायचा.

हायवे_४८

थिअरी सगळी ठीक आहे हो. मी गाडी चालवतो, तुम्ही मशीनवर बसवता. माझ्या उजव्या पायाला कळतं की गाडी आधीपेक्षा हलकी पळतेय. आणि अ‍ॅव्हरेज दोनने वाढलं ते काय स्वप्नात?

अश्विनी_ठाणे

हायवे भाऊ, तुमच्या पायावर शंका नाही, पण हिशोब करून बघू या. मापलं कसं? टाकी फुल टू फुल?

पंपावरचं नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. गाडी जरा उतारावर उभी असली, पोऱ्याने "राऊंड फिगर करू का" म्हणून अजून थोडं रेटलं, तर अर्धा लिटर सहज इकडचा तिकडे होतो. तीस लिटरच्या टाकीत अर्धा लिटर म्हणजे दीड टक्क्याच्या वर. वर तो महिना पावसाळी होता की मे मधला एसीचा, ट्रॅफिक किती लागलं, टायरमध्ये हवा किती होती, हे सगळं आहेच. सोळाचं साडेसोळा झालं असं घरी मापून कोणी सांगितलं तर मी तरी मान डोलावून गप्प बसेन.

आता पैशांकडे. महिन्याला हजार किमी, सोळाचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे साडेबासष्ट लिटर. १०४ रुपये दर धरला तर साडेसहा हजार. अगदी एक टक्का खरोखर वाचला तरी महिन्याला साठ-पासष्ट रुपये. तीन प्लगचा फरक सतराशे-अठराशे. दोन वर्षांहून जास्त लागतील भरून यायला, तेही तो एक टक्का मिळाला तर.

टेस्टसेल

हायवेसाहेब, वाद म्हणून नाही, खरंच विचारतोय. प्लग बदलले त्या दिवशी गाडीला आणखी काय काय केलं होतंत? बहुतेक वेळा प्लग सर्व्हिसिंगमध्येच बदलले जातात. त्याच दिवशी ऑईल नवं, एअर फिल्टर साफ, थ्रॉटल बॉडीला स्प्रे, टायरमध्ये हवा, आणि मेकॅनिकने बॅटरीची पट्टी काढली असेल तर ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) शिकलेली जुनी दुरुस्तीही पुसली गेलेली. दुसऱ्या दिवशी गाडी मोकळी वाटणारच.

आणि एक मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. आपल्याकडे २०१७-१८ पासून कॅफेचे (इंधन-बचतीचे) नियम आहेत, २०२२-२३ पासून ते आणखी कडक झाले. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी किलोमीटरला ठराविक ग्रॅमच्या आत बसवावी लागते. एक-एक ग्रॅम कमी करायला कंपन्या टायरचं रबर बदलतात, पातळ ऑईल वापरतात, आरशाचा आकार बदलतात. नुसता प्लग बदलून पाच-दहा टक्के इंधन वाचत असतं, तर त्यांनी तो कारखान्यातच लावला नसता का? त्यांना तर प्लग आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतो.

हायवे_४८

त्या दिवशी फुल सर्व्हिसिंगच होतं, मान्य. पण सकाळचं स्टार्टिंग सुधारलं ते सुधारलंच, ते सोडणार नाही मी.

टेस्टसेल

ते सोडूही नका, ते मलाही पटतं.

जर्सीकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. :)

इथे अमेरिकेत नव्वदच्या दशकात स्प्लिटफायर नावाच्या प्लगची हवा होती. बाजूचा इलेक्ट्रोड इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला. जाहिरात अशी की ज्योत मोठी पेटते, ताकद वाढते, पेट्रोल वाचतं. शेवटी फेडरल ट्रेड कमिशनने विचारलं, पुरावा काय? आणि पुराव्याशिवाय असले दावे करणार नाही असं कंपनीला मान्य करावं लागलं. तरी आजही इथल्या दुकानांत दोन-दोन, चार-चार इलेक्ट्रोडवाले प्लग "परफॉर्मन्स" लिहून टांगलेले असतात. चार पाय असले तरी ठिणगी एका वेळी एकाच पायावर उडते, जिथे वाट सोपी तिथे. पाय जास्त असण्याचा फायदा म्हणजे झीज वाटून जाते, इतकंच.

सीएनजी_सम्राट

थांबा राव, आमच्या सीएनजीवाल्यांचं कोणी बोलतच नाही. माझी अर्टिगा कंपनी फिटेड सीएनजी, धंद्याची गाडी, रोज चाकणच्या फेऱ्या. पेट्रोलवर एकदम मख्खन, सीएनजीवर टाकली की चढाला झटके. पंपावरच्या पोरांनी सांगितलं गॅसच खराब आहे, एकाने सांगितलं किटचा फिल्टर, एकाने रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) उघडायला लावला. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने प्लग काढले, डोळ्याला लावून बघितले, नवे घातले. झटके बंद.

टेस्टसेल

सम्राट यांचा अनुभव अगदी नेमका आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. "पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर मिसफायर (मिश्रण मधूनच न पेटणं)" असं असेल तर रिड्यूसर उघडण्याआधी प्लग आणि कॉईल बघा. रोज दीड-दोनशे किमी चालणाऱ्या सीएनजी गाडीला इरिडियम लावणं मला पटतं. त्याने ताकद वाढेल म्हणून नाही, तर गॅप लवकर वाढत नाही आणि धंद्याचा दिवस बुडत नाही म्हणून.

टर्बो पेट्रोलचंही थोडंफार तसंच. सिलिंडरमध्ये दाब जास्त, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज. कारखान्यातूनच त्यांत बहुतेक वेळा इरिडियम किंवा प्लॅटिनम येतात. गंमत अशी की अशा गाडीत काही जण "रेसिंगवाले कॉपर" टाकतात. कॉपर म्हणजे आतली दांडी तांब्याची, टोक निकेलचंच. आतली तांब्याची दांडी आजकाल जवळजवळ सगळ्याच प्लगमध्ये असते. म्हणजे पैसे देऊन खालच्या पायरीवर उतरायचं.

वेताळटेकडी

पुण्यात राहून एआरएआयच्या (गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या) टेकडीवर रोज फिरायला जातो, त्यामुळे इंजिनविषयी मत मांडण्याचा मला नैसर्गिक हक्क आहे.

अवांतर: ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आल्यापासून माझं अ‍ॅव्हरेज बसलंय आणि मलाही एकाने हाच इरिडियमचा उतारा सांगितला. त्याने काही होईल का?

टेस्टसेल

नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के उतरू शकतं. टाकीत जे आलंच नाही, ते प्लग कुठून पेटवणार? टेकडीचा हक्क मात्र अबाधित आहे.

खंबाटकी

सगळ्यांचे आभार, धागा इतका पळेल असं वाटलं नव्हतं. काल प्लग काढले. इथे फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दांत सांगतो.

१ आणि २ नंबर: टोकाला फिक्कट तपकिरी, कोरडे, काजळी नाही. पण मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा पूर्ण गोल झाल्यात आणि बाजूच्या पायाला आतून खळगा पडलाय. फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घातला तर मॅन्युअलमधल्या गॅपपेक्षा बराच ढिला जातो.

३ नंबर: तोही तसाच झिजलेला, शिवाय पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर, लोखंडी नटाच्या लगेच वर, तपकिरी कडं उमटलंय. बोटाने घासलं तर जात नाही. शेजारचा मेकॅनिक म्हणाला, "प्लग लीक आहे, कॉम्प्रेशन बाहेर येतंय, हेड बघावं लागेल." झोप उडालीय.

पानाबारा

झोपा निवांत. ते कडं लीकचं नाही. प्लगभोवती इतकं जास्त व्होल्टेज असतं की आजूबाजूच्या हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. कोरोना डाग म्हणतात त्याला. अगदी चांगल्या प्लगवरही येतो. खरंच गॅस गळत असता तर काळे पट्टे वर चढत गेलेले दिसले असते आणि कॉईलच्या रबरी टोपीच्या आतही काळं झालं असतं. टोपी उलटी करून बॅटरीच्या उजेडात बघा.

बाकी वर्णन उत्तम दिलंत. फिक्कट तपकिरी म्हणजे इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकट काळा असता तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पांढराफट्ट आणि फोड आलेला असता तर इंजिन तापतंय. तुमचे फक्त म्हातारे झालेत. अंग झाडणं आणि घाटातलं रडगाणं दोन्ही त्यातूनच येत असणार.

मायकोप्रेमी

हे प्लग वाचणं आमच्या मेकॅनिकला न शिकता यायचं. प्लग नाकाशी धरून सांगायचा, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे म्हणून. आता गाडीच्या कॉम्प्युटरला ओबीडीचं यंत्र लावतात आणि बिघाडाचा कोड वाचतात.

टेस्टसेल

कोडही हवा काका. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०० म्हणजे ठावठिकाणा नाही. आणि मिसफायर अंगावर काढायचा नसतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो आतून वितळतो. साध्या तीन प्लगच्या पैशांत त्याचा एक नटही येत नाही.

सीएनजी_सम्राट

आता कुठला घ्यायचा ते बोला की. एनजीके की बॉश की डेन्सो?

पानाबारा

गाडी कंपनीच्या डबीत येतात ते बहुतेक यांच्यापैकीच कोणीतरी बनवलेले असतात, डबी वेगळी. त्यामुळे "कंपनीचा की बाहेरचा" यात फार अडकू नका. नंबर बरोबर हवा, बस.

नंबरातली मेख मात्र समजून घ्या. बीपीआर६ईएस हा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला एनजीकेचा नंबर घ्या. बी म्हणजे १४ मिमी आटे, पी म्हणजे टोक पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ म्हणजे हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी, एस म्हणजे साधा. यातला ६ महत्त्वाचा. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता हेडकडे लवकर सोडणारा. डेन्सोतही आकडा वाढला की थंड, पण मोजपट्टी वेगळी, एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. बॉशमध्ये उलटं, आकडा वाढला की गरम. एका ब्रँडचा आकडा दुसऱ्यात शोधायला गेलात की फसलात.

प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. फार थंड प्लग टाकला तर तो शहरात काळा पडतो. फार गरम टाकला आणि टोक साडेनऊशेच्या आसपास गेलं, तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटतं, आणि त्यात पिस्टनला भोक पडलेलं मी हातात धरून बघितलंय. रेसिंगवाले थंड प्लग टाकतात कारण त्यांचं इंजिन तेवढं तापतं. आपलं सिग्नलला तापतं, ते वेगळं.

अश्विनी_ठाणे

आणि डुप्लिकेट? ऑनलाईन इरिडियम तीनशेला बघितला, एवढा स्वस्त कसा?

पानाबारा

आत इरिडियम नसेल म्हणून. :)

नकली ओळखायच्या खुणा: आट्यावरची वॉशर बोटाने फिरवून निघून आली तर संशय घ्या, खऱ्याची वॉशर अडकलेली असते. मधलं टोक बाजूच्या पायाच्या बरोबर मध्यावर हवं. चिनी मातीवरची अक्षरं नखाने घासून फिकट होत असतील तर परत करा. मल्टिमीटर असेल तर वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रेझिस्टन्स मोजा, रेझिस्टरवाल्यात पाच किलो-ओहमच्या आसपास यायला हवा. शून्य आला तर आत रेझिस्टर नाही, रेडिओत खरखर येईल आणि इलेक्ट्रॉनिक्सलाही त्रास होईल. नाना पेठेत घ्या नाहीतर कुर्ल्याला, बिल मागा. बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून प्लग घेऊ नका.

जर्सीकर

एक भर. जुन्या काही गाड्यांत दोन सिलिंडरमध्ये एकच कॉईल असते. तिथे निम्म्या प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने उडते, म्हणजे बाजूचा पाय जास्त झिजतो. ज्या इरिडियम प्लगचं फक्त मधलं टोक इरिडियमचं आणि पाय साधा निकेलचा असतो, तो अशा गाडीत जाहिरातीइतका टिकत नाही. दोन्हीकडे मौल्यवान धातू असलेला घ्यावा लागतो. लाखभर किमीचा वायदा डबीवर बघताना पायाकडेही बघा.

वेताळटेकडी

मग पल्सरचं काय? डीटीएस-आयमध्ये दोन प्लग, २०० एनएसला तर तीन. होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआयमध्ये चार सिलिंडरला आठ. म्हणजे प्लगने फरक पडतोच की.

टेस्टसेल

पडतो, पण तिथे इंजिनच तसं आखलंय. ज्योत दोन टोकांनी सुरू झाली की मिश्रण लवकर जळून होतं, त्याप्रमाणे टायमिंग, कॉम्प्रेशन, चेंबरचा आकार सगळं ठरवलेलं. तुमच्या-माझ्या तयार इंजिनात भोक एकच आणि त्यात बसणारा प्लगही एकच. ईसीयूला तुम्ही डबीवर किती पैसे मोजलेत ते कळत नाही, तो ठिणगी आपल्या ठरलेल्या वेळीच मारणार.

जुनी सिटी आय-डीएसआय वापरणाऱ्यांनी मात्र एक बघावं. मेकॅनिक पुढचे चार बदलून आठांचे पैसे लावतात असं ऐकून आहे. जुने आठ हातात मागून घ्या.

हायवे_४८

हे मात्र लाखाचं बोललात. जुने पार्ट मागून घ्या, सगळ्याच गोष्टींचे.

खंबाटकी

ठरलं. साधे निकेलचेच तीन आणले, मॅन्युअलमधला नंबर, बिलासकट. उरलेल्या पैशांत मागचे वायपर आणि एक फिलर गेज. आता स्वतः बसवणार आहे, टॉर्क रेंच नाही. काही सूचना?

पानाबारा

१. प्लग काढायच्या आधी त्याच्या खळग्यात हवा मारा, तिथली माती सिलिंडरमध्ये पडू देऊ नका. पाणी साचलेलं असेल तर तेही टिपून घ्या. पावसाळ्यात आणि सर्व्हिस सेंटरला इंजिन धुतल्यावर तिथे पाणी राहतं आणि लोक प्लगला शिव्या घालतात.

२. नवा म्हणून गॅप बरोबरच असेल असं धरू नका, गेज घालून बघा. निकेल असल्यामुळे पाय हळूच वाकवता येईल. (इरिडियमवाल्यांनी हे घरी करू नये, आणि तारेचा ब्रश तर लावूच नये. ते बारीक टोक तुटतं.)

३. पहिले सगळे आटे हाताने. पाना लावूनच सुरुवात केली आणि आटे वाकडे पकडले गेले तर हेड उघडावं लागतं. आट्यांना ग्रीस-ऑईल लावू नका, घसरट झालं की तेवढ्याच जोरात जास्त आवळलं जातं.

४. वॉशर टेकली असं हाताला कळलं की मग पाना. किती फेरा मारायचा ते डबीवर चित्रात असतं. १४ मिमीच्या नव्या वॉशरवाल्या प्लगला साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, आटे त्याहून बारीक असतील तर डबीवरच्या चित्राप्रमाणेच. वॉशर दबतानाचा मऊपणा हाताला लागतो, तो संपला की बस. जुनाच परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेली असते, तिथे नुसता किंचित आवळा.

५. कॉईलच्या कनेक्टरची क्लिप जपून दाबा. बारा वर्षं इंजिनाच्या गर्मीत राहून प्लॅस्टिक कडक झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की कट्कन तुटतं.

आणि बसवून झाल्यावरही आयडलिंगला अंग झाडत असेल, तर ३ नंबरची कॉईल १ नंबरला लावून बघा. झटका तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉईलचा.

सीएनजी_सम्राट

आणि कॉईलची वायर उंदराने कुरतडली नाहीये ना तेही बघा. आमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या झाल्यात.